चाळणीपर्यंत न पोहोचलेली मुले

निवड परीक्षांचे निकाल लागले की यशस्वी मुलांची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकतात, शाळांच्या फलकांवर त्यांची नावे लिहिली जातात आणि गुणवत्तेला न्याय मिळाला, असे समाधान समाज मानून घेतो. हे समाधान खोटे नाही; परंतु ते अपुरे आहे. निकालपत्रक परीक्षेस बसलेल्यांचा हिशेब देते. जी मुले परीक्षेच्या दारापर्यंत आलीच नाहीत, त्यांच्याविषयी ते मौन पाळते. बुद्धिमान मुलांसाठी सरकारी तिजोरीतून चालविल्या जाणाऱ्या शाळांतील प्रवेश न्याय्य आहेत काय, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे नेहमी परीक्षागृहाच्या आत होते. प्रश्नपत्रिका सोपी होती की कठीण, राखीव जागा किती, गुणांची सीमारेषा कोठे, यावर वाद रंगतात. वस्तुतः या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग परीक्षागृहाच्या बाहेर आहे.

हुशार मुले वेचून त्यांना उत्तम शिक्षण द्यावे, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. साठीच्या दशकात राज्य शासनाने ग्रामीण भागातील गुणी मुलांसाठी पुसेगाव, धुळे, अमरावती, औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) अशा ठिकाणी विद्यानिकेतने काढली. त्याच सुमारास, १९६२ मध्ये, आप्पा पेंडसे यांनी पुण्यात ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली. पुढे केंद्र सरकारने हीच कल्पना देशव्यापी केली. १९८५-८६ मध्ये हरियाणातील झज्जर आणि महाराष्ट्रातील अमरावती येथे पहिली दोन नवोदय विद्यालये निघाली आणि १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अशा निवासी शाळा देशभर काढण्याचा मार्ग मोकळा केला. तमिळनाडूने ही योजना स्वीकारली नाही. उर्वरित देशात आज साडेसहाशेच्या आसपास नवोदय विद्यालये आहेत. निवास, भोजन, गणवेश, पुस्तके यांचा भार सरकार उचलते. खेड्यातील बुद्धिमान मुलाचे भवितव्य त्याच्या बापाच्या ऐपतीवर अवलंबून राहू नये, हा या योजनेमागील हेतू निःसंशय उदात्त आहे.

प्रवेशाचे नियमही हेतूला साजेसे आहेत. प्रत्येक विद्यालयात सहावीच्या वर्गात जास्तीत जास्त ८० मुले घेतली जातात. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी आणि किमान एक तृतीयांश जागा मुलींसाठी असतात. अनुसूचित जाती व जमातींना जिल्ह्यातील लोकसंख्येच्या प्रमाणात, परंतु अनुक्रमे १५ व साडेसात टक्क्यांहून कमी नाही, असा वाटा मिळतो. पाचवीत शिकणारे मूल आपल्याच भाषेत, दोन तासांची, १०० गुणांची परीक्षा देते. त्यांतील ५० गुण बौद्धिक क्षमतेच्या प्रश्नांना, २५ अंकगणिताला आणि २५ भाषेला. ही संधी आयुष्यात एकदाच. कागदावर पाहता या व्यवस्थेत दोष काढणे कठीण आहे. तरीही ती न्याय्य आहे असे म्हणण्यापूर्वी जिल्ह्याच्या नकाशाकडे एकवार पाहिले पाहिजे.

किनाऱ्यामागचे गाव

रायगड जिल्ह्यात १५ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २६ लाख ३४ हजार. या जिल्ह्याचे नवोदय विद्यालय माणगाव तालुक्यात निजामपूर येथे आहे. ८० जागांपैकी किमान ६० ग्रामीण मुलांच्या. परंतु ‘ग्रामीण’ या एका शब्दात किती परस्परभिन्न जगे कोंबली जातात! मुंबईच्या विस्ताराने वेढलेल्या पनवेल परिसरातील गाव ग्रामीण, आणि मुरूड तालुक्यात फणसाडच्या जंगलाकडेची आदिवासी वाडीही ग्रामीणच. जागांचे वाटप कितीही बारकाईने केले तरी एकाच तालुक्यातील नोकरदाराचे मूल आणि वाडीवरील मजुराचे मूल या एकाच शब्दाखाली परस्परांशी स्पर्धा करीत राहते.

अलिबाग-मुरूड रस्त्यावरील काशीद हे गाव पर्यटकांना ठाऊक आहे ते तेथील रुपेरी वाळूसाठी आणि सुरूच्या बनासाठी. शनिवार-रविवारी हा किनारा गजबजतो. खानावळी, शहाळ्या-सरबताच्या टपऱ्या, भाड्याच्या खोल्या यांवर ज्यांची घरे चालतात त्यांची आठवड्याची कमाई मुख्यतः या दोन दिवसांची. २०२५ मध्ये नवोदयची परीक्षा १८ जानेवारीला आणि पुन्हा, पुढील वर्षाच्या प्रवेशासाठी, १३ डिसेंबरला झाली. दोन्ही दिवस शनिवारच होते. सरकारी दृष्टीने शनिवार सोयीचा. परंतु टपरीवाल्या कुटुंबातील आईबापांपैकी एकाने मुलाला घेऊन परीक्षा केंद्रावर जायचे, तर हंगामातील एका दिवसाच्या कमाईवर पाणी सोडावे लागते. अर्थशास्त्रात ज्याला संधित्यागाचा खर्च म्हणतात तो हाच. परीक्षेला शुल्क नसले म्हणून ती सर्वांना सारख्याच किमतीत पडते, असे नव्हे.

अर्ज भरण्याचीही कथा निराळी नाही. अर्ज आता संगणकावरूनच भरावा लागतो. मुख्याध्यापकांच्या सहीचे प्रमाणपत्र, छायाचित्र, मुलाची व पालकाची सही, रहिवासाचा पुरावा आणि पुढे जातीचा दाखला, ही कागदपत्रे ज्या घरात पेटीत जपून ठेवलेली असतात त्या घराला हे काम अर्ध्या दिवसाचे. जेथे आईबापांनी कधी शाळा पाहिली नाही, तेथे अशी परीक्षा असते हेच कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. एखादा तळमळीचा शिक्षक हे सारे पदरमोड करून, सुटीच्या दिवशी शाळेत बसून करतो, आणि असे शिक्षक जिल्हा परिषदेच्या शाळांतून आहेत, ही या व्यवस्थेची मोठी पुण्याई. परंतु मुलाचा हक्क शिक्षकाच्या तळमळीवर अवलंबून राहत असेल, तर त्याला हक्क म्हणता येणार नाही. ते केवळ नशीब होय.

सर्वांत कठीण अवस्था कातकऱ्यांच्या मुलांची. महाराष्ट्रातील तीन अतिमागास आदिम जमातींत कोलाम व माडिया गोंड यांच्याबरोबर कातकऱ्यांची गणना होते आणि रायगड हा त्यांच्या मोठ्या वस्तीचा जिल्हा. दिवाळी सरली की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर निघतात. ती पावसाच्या तोंडावर परततात. मुले अर्थातच बरोबर जातात. नवोदयचा अर्ज भरला जातो पावसाळ्याच्या सुमारास आणि परीक्षा होते डिसेंबर-जानेवारीत. म्हणजे नाव नोंदविले तरी परीक्षेच्या दिवशी मूल भट्टीवर विटा थापणाऱ्या आईजवळ असण्याचाच संभव अधिक. त्याला कोणीही नाकारलेले नसते. ते नापासही झालेले नसते. त्याचा जागेवरील अधिकार कायद्याने शाबूत असतो. फक्त ते मूल तेथे नसते.

मोजपट्टी कशाची?

येथे एक आक्षेप घेतला जाईल. जी मुले परीक्षेस बसतात, त्यांच्यापुरती तरी परीक्षा निःपक्षपाती असते ना? उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला मुलाचे नाव, जात, गाव यांपैकी काहीच ठाऊक नसते. हे खरे आहे, आणि शिफारशी व वशिले यांनी पोखरलेल्या समाजात ही गोष्ट लहान नाही. तथापि, मोजणारा निःपक्षपाती असला म्हणून मोजपट्टी बुद्धीचीच लांबी मोजते, असे सिद्ध होत नाही.

जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेल्या मुलाचेच पाहा. त्या महिन्याच्या ३ तारखेला ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. घरांची छपरे उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले. करोनाच्या साथीमुळे शाळा आधीच बंद होत्या. पुढे शिक्षण मोबाइलवर आले. ज्या घरात मोबाइल होता तेथे वीज नव्हती आणि ज्या घरात वीज आली तेथे मोबाइल बापाच्या खिशात कामावर गेलेला. या मुलाची पहिली शाळेच्या उंबरठ्याबाहेरच गेली, दुसरीचाही मोठा भाग तसाच गेला. तेच मूल २०२४-२५ मध्ये पाचवीत आले आणि १८ जानेवारी २०२५ ची परीक्षा त्याच्याच वर्गाची होती. त्या दिवशी प्रश्नपत्रिकेने त्याची बुद्धी किती मोजली आणि त्याच्या घरावरचे छप्पर किती मोजले, हे कोण सांगणार?

खारेपाटातील शेत आणि कालव्याखालचे शेत यांचे पीक एकाच तराजूत तोलून बियाण्याची प्रत ठरविण्याचा वेडेपणा रायगडचा शेतकरी कधी करणार नाही. खाऱ्या जमिनीत ज्या बियाण्याने दहा मण दिले, तेच गोड्या जमिनीत वीस देईल, हे त्याला कळते. अर्थशास्त्रज्ञ जॉन रोमर यांनी १९९८ मधील आपल्या ग्रंथात समान संधीचा जो अर्थ मांडला तो याहून फारसा वेगळा नाही. जी परिस्थिती व्यक्तीने स्वतः निवडलेली नाही तिचा हिशेब वजा करून, समान परिस्थितीतील माणसांची आपापसांत तुलना करावी, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार. दहा-अकरा वर्षांच्या मुलाने आपली परिस्थिती निवडलेली असते, असे तर कोणीच म्हणणार नाही.

बौद्धिक क्षमतेच्या प्रश्नांना भाषा व शिक्षण यांचा स्पर्श नसतो, हाही एक गोड समज आहे. आकृत्यांचा क्रम ओळखण्याच्या कसोट्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जॉन रेव्हन यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केल्या, त्या याच आशेने. परंतु जेम्स फ्लिन यांनी १९८४ पासून दाखवून दिले की अनेक देशांत बुद्धिमापनाचे गुण पिढीगणिक वाढत गेले आहेत. दोन पिढ्यांत मेंदू बदलत नाही. शाळा, आहार आणि घरातील वातावरण बदलते. ज्या मुलाने मार्गदर्शक पुस्तकांतील शेकडो आकृत्या सोडविल्या आहेत आणि ज्याने तशी आकृती परीक्षागृहात प्रथमच पाहिली, त्या दोघांच्या गुणांतील अंतराला केवळ बुद्धीचे अंतर म्हणणे हे शास्त्र नव्हे.

रायगडच्या मातीने देशाला चिंतामणराव देशमुख दिले. महाडजवळच्या नाते गावी १८९६ मध्ये त्यांचा जन्म झाला. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले, जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचे मानकरी ठरले आणि पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्यांची प्रज्ञा असामान्य होती, यात शंका नाही. परंतु त्यांचे वडील वकील होते; घरात पुस्तक होते आणि पुस्तकाची किंमत जाणणारी माणसे होती. त्याच काळात त्याच तालुक्यांतील कुळांच्या आणि कातकऱ्यांच्या झोपड्यांत तशीच प्रज्ञा जन्माला आली नसेल, असे मानण्यास कोणताही आधार नाही. ती आली असेल आणि कोणी न पाहता गेली असेल.

सर्वांना विचारून पाहिले तेव्हा

हा केवळ तर्क नाही. त्याला अनुभवाचा आधार आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात ब्रॉवर्ड नावाचा मोठा शालेय जिल्हा आहे. तेथे असामान्य बुद्धीच्या मुलांसाठी वेगळे वर्ग आहेत. पूर्वी शिक्षकांनी किंवा पालकांनी नाव सुचविलेल्या मुलांचीच चाचणी होत असे. २००५ च्या सुमारास तेथील अधिकाऱ्यांनी एक साधा बदल केला. दुसरीतील प्रत्येक मुलाला, कोणी सुचवो वा न सुचवो, एक छोटी प्राथमिक चाचणी द्यायची आणि तीत चमकलेल्यांची सविस्तर परीक्षा घ्यायची. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. निवडीचे निकष तेच असताना या वर्गांत जाणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी आणि स्पॅनिशभाषक वंशाच्या मुलांचे सुमारे १३० टक्क्यांनी वाढले. ही मुले आधीपासून तेथेच होती, तितकीच हुशार होती. त्यांना कोणी विचारले नव्हते. पुढे पैशाच्या टंचाईमुळे ही पद्धत बंद पडली तेव्हा प्रमाण पुन्हा घसरले. कार्ड यांना २०२१ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते अन्य संशोधनासाठी. परंतु शिक्षणखात्यांनी वाचावे असे त्यांचे काम हेच आहे.

याउलट न्यूयॉर्कचे उदाहरण. तेथील निवडक सरकारी माध्यमिक शाळांत केवळ एका परीक्षेच्या गुणांवर प्रवेश द्यावा, असा १९७१ चा कायदा आहे. परीक्षा सर्वांना खुली, उत्तरपत्रिका निनावी. २०१९ मध्ये त्यांतील स्टायव्हेसंट या नामांकित शाळेत ८९५ मुलांना प्रवेश देऊ करण्यात आला. त्यांत कृष्णवर्णीय मुले ७ होती. निवड झालेल्यांत आशियातून आलेल्या गरीब स्थलांतरितांची मुले बरीच होती आणि त्यांच्या कष्टांना नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु दार उघडे ठेवणे आणि दारापर्यंत वाट बांधणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्या ७ च्या आकड्यावरून कळून यावे.

दोन आक्षेप

असे काही सुचविले की दर्जा घसरेल, हा पहिला आक्षेप हमखास येतो. ब्रॉवर्डने तो निकालात काढला आहे. अधिक मुलांतून निवड केली तर निवडीचा दर्जा वाढतो. तो घटण्याचे कारण नाही. जो संघ चार गावांतून खेळाडू निवडतो त्यापेक्षा चाळीस गावांतून निवडणारा संघ सरस ठरतो, हे कबड्डीच्या मैदानावर सर्वांना मान्य असते. शाळेच्या बाबतीतच ते विसरले जाते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मूठभर मुलांवर इतका खर्च करावाच का? आचार्य राममूर्ती समितीने १९९० मध्ये नवोदय योजनेवर या अंगाने कठोर टीका केली होती. त्याहीपूर्वी, १८८२ मध्ये, महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे हेच दुखणे मांडले होते : महसूल रयतेच्या घामातून येतो आणि तो वरच्यांच्या शिक्षणावर खर्च होतो. वरून ज्ञान आपोआप खाली झिरपेल, यावर जोतीरावांचा विश्वास नव्हता. तथापि, नवोदय बंद करून समता येईल, हा भ्रम ठरेल. श्रीमंतांच्या निवासी शाळा त्यामुळे बंद होणार नाहीत. बंद होईल ती गरिबाची एकमेव पायवाट. म्हणून विद्यालये राहावीत. मात्र त्यांनी फुल्यांच्या प्रश्नाला उत्तर देण्यास बांधील असावे.

काय करता येईल

पहिली गोष्ट अशी की नाव नोंदविण्याचा भार पालकांवरून काढून शाळेवर व शासनावर टाकावा. पाचवीतील प्रत्येक मुलाची एक तासाची प्राथमिक चाचणी त्याच्याच शाळेत, शाळेच्या दिवशी आणि दिवाळीपूर्वी, म्हणजे भट्ट्यांचा हंगाम सुरू होण्याआधी घ्यावी. राज्यात शिष्यवृत्ती परीक्षा घेणारी परीक्षा परिषद आहे; यंत्रणा नव्याने उभारण्याचे कारण नाही. निवडणूक, जनगणना आणि नाना अहवाल यांनी आधीच वाकलेल्या शिक्षकाच्या माथी हे आणखी एक काम मारू नये. त्याबदल्यात काही अहवाल कमी करावेत.

दुसरी गोष्ट अंतिम परीक्षेची. प्राथमिक चाचणीत चमकलेल्या मुलाला केंद्रावर नेण्या-आणण्याचा खर्च आणि सोबतच्या पालकाचा बुडालेला रोज शासनाने द्यावा. स्थलांतरित मुलांना भट्टीच्या जवळच्या केंद्रावर परीक्षा देण्याची मुभा असावी.

तिसरी गोष्ट तुलनेची. ग्रामीण जागांपैकी काही जागा, समजा ८० पैकी १५, अशा शाळांतील मुलांसाठी ठेवाव्यात की जेथून मागील पाच वर्षांत एकाही मुलाची निवड झालेली नाही. या शाळांतील मुलांची गुणवत्ता आपापसांत तोलावी. खारेपाटाची तुलना खारेपाटाशी व्हावी, एवढाच याचा अर्थ. यात जातीचा वाद नाही, राखीव जागांच्या प्रचलित व्यवस्थेला धक्का नाही.

चौथी गोष्ट हिशेबाची. आज पालकांच्या हाती पडते ती निवड झालेल्यांची यादी. प्रत्येक तालुक्यात पाचवीची मुले किती, अर्ज किती, परीक्षेस बसली किती, निवडली गेली किती, त्यांत मुली किती, कातकरी किती, जिल्हा परिषदेच्या शाळांतील किती, हा तक्ता दरवर्षी प्रसिद्ध व्हावा. वरच्या तीन उपायांचा उपयोग झाला की नाही, हे पडताळण्याचाही दुसरा मार्ग नाही.

आणि प्रवेश म्हणजे शेवट नव्हे. घरात कातकरी बोली बोलणारे, रात्री आईच्या कुशीत झोपणारे दहा वर्षांचे मूल एकाएकी वसतिगृहात, इंग्रजी-हिंदीच्या वातावरणात येते. पहिले काही महिने त्याच्या भाषेसाठी, त्याच्या मनासाठी स्वतंत्र व्यवस्था नसेल, तर आज दिलेली जागा उद्या रिकामी होईल आणि ‘यांना जमतच नाही’ असा शेरा मारण्यास समाज मोकळा होईल. १९८६ च्या धोरणाने या विद्यालयांना परिसरातील शाळांसाठी पथदर्शक मानले होते. निजामपूरचे उत्तम शिक्षण काशीदच्या प्राथमिक शाळेत कधी आणि कोणत्या रूपाने पोहोचणार, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार निवड न झालेल्या प्रत्येक मुलाला त्या धोरणानेच दिला आहे.

गुणवत्ता ही समाजाची ठेव असेल, तर ती शोधणे हे समाजाचे काम आहे. आपण मात्र ते काम त्या त्या मुलाच्या बापावर सोपविले आहे आणि ज्या बापाला ते जमले त्याच्या मुलाला गुणवंत म्हणतो. ही प्रथा मोडण्यासाठी नवा कायदा वा मोठी रक्कम लागत नाही. पाचवीच्या वर्गातील हजेरीपट उघडून त्यातील प्रत्येक नाव एकदा पुकारले, आणि ज्याने ‘हजर’ म्हटले नाही ते मूल कोठे आहे याची चौकशी केली, तरी आरंभ होईल.